अंतिम फेरीपूर्वीचा बलाबलविचार

बॉस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स हे एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेतले सर्वांत यशस्वी दोन संघ आहेत. १९५९ ते २०१० या काळात अंतिम फेरीत त्यांची १२ वेळा गाठ पडली. त्यांतल्या ९ फेऱ्या सेल्टिक्सने जिंकल्या, ३ लेकर्सने. अंतिम फेरी जास्तीत जास्त सात सामन्यांची असते, चार सामने जो आधी जिंकेल तो विजेता ठरतो आणि प्रत्येक सामना ४८ मिनिटांचा असतो. ही फेरी सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंचे चाहते आपापल्या संघांच्या बलस्थानांची आणि उणिवांची जी चर्चा करतात, तिला बलाबलविचार म्हणता येईल. बलाबलविचाराला वेळेचे बंधन नसते, पंच नसतो, आणि बदली खेळाडू उतरवण्याची सोय असली तरी कुणी तिचा फायदा घेत नाही.

बलाबलविचाराचा जाहीर हेतू कोण जिंकेल हे ठरवण्याचा असतो. पण संघ जिंकला तर चाहत्याला कुणी कारण विचारत नाही. हरला तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात, जिन्यात आणि सासुरवाडीला सगळेच विचारतात. अशी उत्तरे ऐन वेळी सुचत नाहीत. ती आधीच तयार ठेवावी लागतात, आणि शक्यतो साक्षीदारांसमक्ष, म्हणजे नंतर ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ असे सांगता येते. म्हणून विजयाची इच्छा चाहता मनात ठेवतो आणि पराभवाची तरतूद चारचौघांत करतो. ही तरतूद कोणकोणत्या खात्यांत केली जाते, ते पुढे क्रमाने पाहू.

काळ, स्थळ आणि पात्रता

उपांत्य फेरी संपून अंतिम फेरीचा पहिला सामना सुरू होईपर्यंत मध्ये काही दिवस जातात. या दिवसांत खेळाडू विश्रांती घेतात, प्रशिक्षक जुन्या सामन्यांच्या चित्रफिती बघतात आणि खेळाचा सगळा भार चाहत्यांवर येऊन पडतो. बॉस्टनमध्ये ही चर्चा बारमध्ये उभ्याने चालते. लॉस एंजेलिसमध्ये ती बरीचशी मोटारीत बसून, रस्ता तुंबलेला असताना, रेडिओवरच्या वक्त्याला उद्देशून चालते.

चर्चेसाठी दोन्ही पक्षांचा निदान एकेक माणूस लागतो. एकाच संघाचे दोन चाहते बसवले तर दहा मिनिटांत त्यांचे एकमत होते आणि गाडी तिकिटांच्या दरांवर जाते. विरुद्ध पक्षाचा माणूस मात्र अत्यंत उपयोगी असतो, कारण आपल्या संघाचे जुने पराभव त्याला सनावळीसकट पाठ असतात. चाहत्याला स्वतःच्या संघाचा इतिहास घरात कुणी विचारत नाही. शत्रू मात्र मन लावून ऐकतो, मध्ये मध्ये चुका सुधारतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो.

भारतातल्या चाहत्याला घड्याळाचाही जाच आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जून महिन्यात रात्री नऊला सुरू होणारा सामना महाराष्ट्रात दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सुरू होतो. सामना रंगात येतो तेव्हा इथे आंघोळ, डबा आणि लोकल या तिन्ही आघाड्या एकदम उघडलेल्या असतात. त्यामुळे इथल्या चाहत्याकडे एक जादा तरतूद असते. शेवटची पाच मिनिटे आपण बघितली नाहीत म्हणून संघ हरला, असे तो प्रामाणिकपणे मानू शकतो.

पहिले खाते : विजेतेपदांची मोजणी

चर्चेची सुरुवात आगामी सामन्यापासून कधीच होत नाही. ती एकूण विजेतेपदांपासून होते. २०२४ अखेर सेल्टिक्सच्या नावावर १८ विजेतेपदे होती, लेकर्सच्या नावावर १७. हे आकडे निर्विवाद असल्यामुळे चर्चेच्या कामाचे नसतात, म्हणून दोन्ही पक्ष लगेच वजाबाकी सुरू करतात.

सेल्टिक्सचा चाहता दाखवून देतो की लेकर्स १९६० पर्यंत लॉस एंजेलिसमध्ये नव्हतेच. ते मिनियापोलिसचे होते आणि १९४९ ते १९५४ या काळातली त्यांची ५ विजेतेपदे तिथली आहेत. सबब ती वजा. २०२० चे विजेतेपद महामारीच्या काळात ऑरलँडोला, रिकाम्या खुर्च्यांपुढे मिळाले. सबब तेही वजा. लेकर्सपाशी उरली ११.

लेकर्सचा चाहता हे शांतपणे ऐकून घेतो आणि सेल्टिक्सची १९५७ ते १९६९ या काळातली ११ विजेतेपदे हातात घेतो. १९५७ मध्ये एनबीएत एकूण ८ संघ होते आणि १९६९ मध्येही १४ च होते. आज ३० आहेत. त्या काळी संघ कमी, स्पर्धा कमी आणि खेळाडू उन्हाळ्यात दुसऱ्या नोकऱ्या करणारे. सबब ती ११ वजा. सेल्टिक्सपाशी उरली ७.

वजाबाकी इथे थांबवणे दोघांच्याही हिताचे असते. ती आणखी अर्धा तास चालली तर शिकागो बुल्सचा चाहता आपली ६ विजेतेपदे घेऊन पहिल्या क्रमांकावर येण्याचा धोका निर्माण होतो.

दुसरे खाते : बलस्थाने

आपल्या संघाची बलस्थाने सांगताना चाहता खेळाडूंपेक्षा शहराबद्दल जास्त बोलतो. बॉस्टनच्या चाहत्याच्या मते त्याचा संघ म्हणजे कष्ट, बचाव, रिबाउंड (हुकलेल्या फटक्याचा चेंडू पकडणे) आणि एकमेकांसाठी झिजणे. बास्केटबॉल हा खेळच मुळी १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी शोधून काढला, याचाही तो उल्लेख करतो, जणू नेस्मिथांनी टांगलेली पहिली टोपली पुढे सेल्टिक्सनेच वारसाहक्काने मिळवली. लॉस एंजेलिसचा चाहता वेग, देखणेपणा आणि मोठमोठी नावे ही आपली बलस्थाने मानतो. समोरच्या रांगेत बसलेला सिनेनट जॅक निकोल्सन हाही तो संघाच्या ताकदीतच धरतो.

ही विभागणी १९८० च्या दशकात सर्वांत घट्ट झाली. लॅरी बर्ड इंडियाना राज्यातल्या फ्रेंच लिक या लहानशा गावचा, तोंडाने कमी आणि कोपराने जास्त बोलणारा. मॅजिक जॉन्सन हसतमुख आणि न बघता पास देणारा. १९७९ च्या कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोघे एकमेकांविरुद्ध खेळले, त्याच वर्षी एक बॉस्टनला आला आणि दुसरा लॉस एंजेलिसला. बर्डच्या बाजूला केव्हिन मॅकहेल आणि रॉबर्ट पॅरिश हे उंच खेळाडू बास्केटखाली ठाण मांडून बसत. मॅजिकच्या बाजूला जेम्स वर्दी धावत सुटे आणि करीम अब्दुल-जब्बार आपला स्कायहुक, म्हणजे डोक्यावरून कमानीसारखा हात नेऊन मारलेला फटका, घेऊन सावकाश मागून येत. हा फटका अडवता येत नाही हे बॉस्टनच्या चाहत्यालाही मान्य होते, आणि तो अडवता येत नसल्यामुळेच त्यात विशेष कौतुकाचे काही नाही, असे त्याचे म्हणणे होते.

बलस्थानांच्या या खात्यात एक अडचण आहे. दोन्ही शहरांचा माल आपसांत इतका मिसळलेला आहे की कष्ट कुणाचे आणि झगमगाट कुणाचा हे निवडणे कठीण जाते. सेल्टिक्सला ११ विजेतेपदे मिळवून देणारा बिल रसेल कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये वाढला. २००८ चा सेल्टिक्सचा नायक पॉल पिअर्स इंगलवूडचा, म्हणजे लेकर्सचे जुने घर ‘फोरम’ जिथे आहे त्याच गावचा, आणि लहानपणी लेकर्सचा चाहता. उलट लेकर्सने लॉस एंजेलिसमधले पहिले विजेतेपद १९७२ मध्ये मिळवले आणि त्याच हंगामात सलग ३३ सामने जिंकले, तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता सेल्टिक्सचा जुना खेळाडू बिल शर्मन. अशा प्रसंगी नियम सोपा आहे. खेळाडूने नाव कमावले तर त्याची जडणघडण आपल्याकडे झालेली असते. त्याने निराशा केली तर त्याला बिघडवले दुसऱ्या शहराने.

प्रतिस्पर्ध्याची स्तुती हा बलस्थानांचाच पोटविभाग आहे. कसलेला चाहता समोरच्या संघाची उदारपणे तारीफ करतो. समोरचा संघ जितका थोर ठरेल तितका आपला पराभव सन्माननीय आणि विजय अलौकिक होतो, त्यामुळे ही गुंतवणूक कधी बुडत नाही. नवखा चाहता मात्र प्रतिस्पर्ध्याला आधी मोडीत काढतो आणि मग त्याच मोडीत निघालेल्या संघाकडून हरल्यावर त्याला तोंड दाखवायला जागा उरत नाही.

तिसरे खाते : उणिवा

समोरच्याची उणीव सांगणे हा चर्चेचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत धोकादायक भाग आहे. जाहीरपणे नोंदवलेल्या उणिवेला एक वाईट खोड असते. ती संबंधित खेळाडूच्या कानावर जाते.

वय ही उणीव घ्या. १९८५ च्या अंतिम फेरीआधी करीम ३८ वर्षांचे होते. पहिला सामना सेल्टिक्सने १४८–११४ असा जिंकला आणि करीम यांना त्यात १२ गुण आणि ३ रिबाउंड मिळाले. बॉस्टनमध्ये वयाच्या मुद्द्यावर एकमत झाले. तीन दिवसांनी दुसरा सामना झाला. त्यात त्याच म्हाताऱ्याने ३० गुण आणि १७ रिबाउंड मिळवले, लेकर्सने ती फेरी सहा सामन्यांत जिंकली आणि फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून करीम यांचीच निवड झाली. सेल्टिक्सच्या घरच्या कोर्टावर पाहुण्या संघाने विजेतेपद साजरे करण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हापासून वय या उणिवेला अनुभव असे दुसरे नाव आहे. कोणते नाव वापरायचे ते सामना संपल्यावर ठरते.

खरे तर हा धडा लेकर्सच्या चाहत्याला १६ वर्षे आधीच मिळाला होता. १९६९ मध्ये रसेल ३५ वर्षांचा होता, तोच खेळाडू आणि तोच प्रशिक्षक, आणि त्याचा संघ आपल्या विभागात चौथा आला होता. लेकर्सकडे जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि विल्ट चेंबरलेन असे तीन दिग्गज होते. कागदावर ही फेरी लेकर्सने जिंकलेली आहे. कोर्टावर ती सेल्टिक्सने जिंकली.

दुसरी आवडती उणीव म्हणजे मऊपणा. २००८ मध्ये सेल्टिक्सने शेवटचा सामना १३१–९२ असा जिंकला, तेव्हा लेकर्सच्या पाउ गसोलला बॉस्टनकरांनी मऊ ठरवले. २०१० च्या सातव्या सामन्यात या मऊ गृहस्थाने १९ गुण आणि १८ रिबाउंड घेतले. बॉस्टनने शब्द मागे घेतला नाही. मऊपणाची व्याख्या तेवढी अधिक सूक्ष्म केली.

याच्या उलट टोकाला राकटपणा ही उणीव येते. १९८४ च्या चौथ्या सामन्यात बास्केटकडे झेपावणाऱ्या कर्ट रॅम्बिसला मॅकहेलने गळ्यापाशी हात आडवा घालून जमिनीवर आपटले. लेकर्सच्या चाहत्याच्या मते ही फौजदारी बाब होती. सेल्टिक्सच्या चाहत्याच्या मते तो बचाव होता. लेकर्स तो सामना आणि पुढे फेरीही हरले, पण तरतुदीच्या दृष्टीने ते फायद्यात राहिले, कारण त्या एका आडव्या हातावर त्यांच्या चाहत्यांनी अनेक वर्षे काढली.

आपल्या संघाची उणीव सांगण्याचीही पद्धत आहे. ती सद्गुणाच्या वेषात सांगावी. आमचे खेळाडू फार निःस्वार्थी आहेत, आमचा कोच फार सभ्य आहे, आमच्या गार्डला बिचाऱ्याला ढकलाढकली जमत नाही, अशी ती रूपे असतात. एकच उणीव अशी आहे की तिला कुठलाही वेष चढत नाही, ती म्हणजे अखेरच्या क्षणी हात कापणे. १९६२ च्या सातव्या सामन्यात १००–१०० अशी बरोबरी असताना शेवटचा फटका लेकर्सच्या फ्रँक सेल्वीकडे आला. याच सेल्वीने १९५४ मध्ये कॉलेजच्या एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले होते. इथे दोनच हवे होते. चेंडू कडीला लागून बाहेर आला आणि जादा वेळेत सेल्टिक्स ११०–१०७ असे जिंकले. त्याच फेरीच्या पाचव्या सामन्यात बेलरने ६१ गुण केले होते आणि अंतिम फेरीतला तो विक्रम पुढे साठ वर्षांहून अधिक काळ टिकून राहिला. चाहत्याच्या स्मरणात मात्र बेलरच्या ६१ गुणांपेक्षा सेल्वीचे न झालेले २ गुण अधिक ठळक आहेत.

लेकर्सच्या चाहत्याचा यावरचा हिशेब लक्षणीय आहे. १९६२, १९६६ आणि १९६९ या तिन्ही फेऱ्या सातव्या सामन्यात गेल्या. त्या अनुक्रमे ३, २ आणि २ गुणांनी गेल्या. म्हणजे सगळे मिळून ७ गुण, आणि तेवढ्यासाठी तीन विजेतेपदे. १९६९ मधला निर्णायक फटका डॉन नेल्सनचा. त्याचा चेंडू कडीच्या मागच्या बाजूला आपटून सरळ वर उडाला आणि खाली येताना बास्केटमध्ये पडला. या नेल्सनला १९६५ मध्ये लेकर्सनेच कामाचा नाही म्हणून सोडून दिले होते. एवढा सगळा तपशील सेल्टिक्सचा चाहता न विचारता पुरवतो.

चौथे खाते : गुडघा

कोणत्याही बलाबलविचारात दुखापतींसाठी राखीव खाते असते. सेल्टिक्स–लेकर्स इतिहासात त्याचा ताबा मुख्यतः गुडघ्याकडे आहे. १९६५ च्या अंतिम फेरीला बेलर मुकला, तो गुडघ्यामुळे. १९६९ च्या सातव्या सामन्यात अखेरची काही मिनिटे उरलेली असताना चेंबरलेन बाहेर गेला, तोही गुडघ्यामुळे. नंतर तो परत यायला तयार होता, पण प्रशिक्षक बुच व्हॅन ब्रेडा कोल्फ यांनी त्याला घेतले नाही, आणि लेकर्सच्या चाहत्याला एकाच सामन्यातून गुडघा आणि प्रशिक्षक अशी दुहेरी तरतूद मिळाली. २००८ मध्ये लेकर्सचा सेंटर अँड्र्यू बायनम गुडघ्यामुळे घरी होता. २०१० मध्ये सहाव्या सामन्यात सेल्टिक्सचा सेंटर केंड्रिक पर्किन्स गुडघा धरून खाली बसला, सातव्यात तो नव्हता, आणि त्या सातव्यात लेकर्सने आपलेच हुकलेले फटके २३ वेळा परत मिळवले. सेल्टिक्सला हे ८ वेळाच जमले. पर्किन्स असता तर, या तीन शब्दांमध्ये सेल्टिक्सच्या चाहत्याने एक अख्खे विजेतेपद सांभाळून ठेवले आहे.

गुडघ्याच्या खात्यात न्याय असा नसतो. आपला जायबंदी झालेला खेळाडू म्हणजे पराभवाचे संपूर्ण कारण. त्यांचा जायबंदी झालेला खेळाडू म्हणजे खेळाचा भाग. लवकर बरे होणाऱ्या गुडघ्याकडे तर फार संशयाने बघितले जाते. २००८ च्या पहिल्या सामन्यात पिअर्सला उचलून चाकाच्या खुर्चीवर घालून आत नेले, आणि थोड्याच वेळात तो धावत परत आला व त्याने लागोपाठ दूरचे फटके मारले. बॉस्टनमध्ये याला जिगर म्हणतात. लॉस एंजेलिसमध्ये याला अभिनय म्हणतात, आणि अभिनयाच्या बाबतीत त्या शहराचे मत जाणकाराचे मानावे लागते.

पाचवे खाते : कोर्ट आणि हवा

१९२८ मध्ये उभे राहिलेले आणि १९९५ मध्ये बंद झालेले बॉस्टन गार्डन हे सेल्टिक्सचे जुने घर. तिथली लाकडी तुकड्यांची फरशी प्रसिद्ध होती. तिच्यावर काही जागी चेंडू नीट उसळत नाही आणि त्या जागा फक्त सेल्टिक्सना ठाऊक आहेत, अशी पाहुण्यांची पक्की समजूत होती. तिच्यात तथ्य किती हे गौण आहे. ड्रिबल करताना निम्मे लक्ष चेंडूवर आणि निम्मे जमिनीवर ठेवणारा पाहुणा सेल्टिक्सना पुरेसा होता. पाहुण्यांच्या खोलीत गरम पाणी नसणे आणि खोली मात्र गरम असणे याचे श्रेय सेल्टिक्सचे सर्वेसर्वा रेड आउरबाख यांना दिले जाई. ते हे श्रेय फारसे नाकारतही नसत.

गार्डनमध्ये वातानुकूलन नव्हते. १९८४ च्या पाचव्या सामन्याच्या रात्री आतले तापमान ९७ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३६ अंश सेल्सियस होते. करीम बाकावर बसून प्राणवायूच्या मुखवट्यातून श्वास घेत होते. एक पंच मध्यंतरानंतर परत आला नाही. बर्डने मात्र २० पैकी १५ फटके यशस्वी करून ३४ गुण केले. विदर्भातल्या वाचकाला जूनमधले ३६ अंश ही थंड हवेची झुळूक वाटेल, पण लेकर्सच्या चाहत्याने ही रात्र अन्याय या सदरात कायमची नोंदवली आहे. उकाडा दोन्ही संघांना सारखाच होता, हा बॉस्टनचा युक्तिवाद त्याला पटत नाही.

लॉस एंजेलिसची बाजू इथे जरा लंगडी पडते. तिथल्या प्रेक्षकाने उशिरा यावे आणि वाहनांची गर्दी टाळायला लवकर निघावे, असा लौकिक आहे. आपल्या कोर्टाचा सर्वांत परिणामकारक वापर त्यांनी १९६९ मध्ये केला, पण तो प्रतिस्पर्ध्याच्या फायद्याचा निघाला. सातव्या सामन्याआधी संघाचे मालक जॅक केंट कुक यांनी फोरमच्या छताला हजारो फुगे जाळीत बांधून ठेवले होते. लेकर्स जिंकल्यावर फुगे खाली सोडायचे, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बँडने वाजवायचे, असा कार्यक्रम छापून वाटलेलाही होता. तो कागद सेल्टिक्सच्या हाती लागला. सेल्टिक्स १०८–१०६ असे जिंकले, आणि फुगे जाळीतच राहिले. वेस्टने त्या सामन्यात ४२ गुण केले होते. हरलेल्या संघातून अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून आजवर निवडला गेलेला तो एकमेव माणूस. बलाबलविचाराच्या अभ्यासकांनी यातून एवढेच घ्यावे की तरतूद पराभवाची करावी. विजयाची तरतूद केली की ती छताला लोंबकळताना दिसते.

सहावे खाते : पंच

पंचांबद्दल दोन्ही पक्षांचे पूर्ण एकमत असते. पंच विकले गेलेले असतात. मतभेद असतो तो फक्त कुणाला, याबद्दल.

या वादात दोघांच्या खिशात एकेक आकडा असतो. लेकर्सचा चाहता २००८ चा दुसरा सामना काढतो. त्यात सेल्टिक्सना ३८ फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे मोफत फटके, मिळाले, लेकर्सना १०. सेल्टिक्सच्या लिऑन पो या राखीव खेळाडूला एकट्याला १३ मिळाले, म्हणजे लेकर्सच्या अख्ख्या संघापेक्षा जास्त. सेल्टिक्सचा चाहता हे ऐकून घेतो आणि २०१० चा सातवा सामना काढतो. त्यात लेकर्सना ३७ फ्री थ्रो मिळाले, सेल्टिक्सना १७. दोन्ही आकडे खरे आहेत. दोन्ही एकाच वाक्यात उच्चारलेले मात्र कुणी ऐकलेले नाही. आपल्या बाजूला जास्त फ्री थ्रो मिळाले तर त्याचे स्पष्टीकरणही ठरलेले आहे. आम्ही आत घुसून खेळतो, तुम्ही लांबून फेकता, मग फाउल कुणाला मिळणार.

सातवे खाते : भाकीत

चर्चेच्या अखेरीस प्रत्येकाला भाकीत करावे लागते. चार सामन्यांत जिंकू म्हणणे उद्धटपणाचे असते आणि सातवर गेले की आत्मविश्वासाचा अभाव दिसतो. म्हणून सभ्य चाहता सहा म्हणतो. सहात विजयाची खात्री असते, प्रतिस्पर्ध्याला दोन सामने बहाल केल्याचे औदार्य असते आणि आपल्या चुकीला जागाही असते. प्रत्यक्षात या दोन संघांच्या १२ फेऱ्यांपैकी ५ सहाव्या सामन्यात संपल्या आणि ५ सातव्यात. एक पाचव्यात संपली, आणि १९५९ ची पहिली फेरी सेल्टिक्सनी सलग चार सामन्यांत संपवली. तेव्हा सहा म्हणणारा बराचसा बरोबर येतो, फक्त संघ कोणता एवढे चुकते.

अंधश्रद्धाळू चाहता भाकीत करतच नाही. आपण बोललो तर नजर लागेल अशी त्याला भीती असते. तो भाकीत करण्याचे काम प्रतिस्पर्ध्यावर सोपवतो आणि त्याने आपल्याला नजर लावावी म्हणून त्याला चहा पाजून बोलते करतो.

निकालानंतर

फेरी संपली की एका बाजूची सगळी तरतूद खर्च होते आणि दुसऱ्या बाजूची शिल्लक राहते. हरलेला चाहता गुडघा, पंच आणि हवा या क्रमाने खाती रिकामी करतो. जिंकलेल्याला कारणे लागत नाहीत, आणि जिंकलेले लोक कारणे द्यायला लागले की विचित्र वाटते. २०१० मध्ये लेकर्सच्या कोबी ब्रायंटने सातव्या सामन्यात २४ पैकी फक्त ६ फटके यशस्वी केले, तरी लेकर्स ८३–७९ असे जिंकले. त्या सामन्यात २० गुण करणाऱ्या त्यांच्याच रॉन आर्टेस्टने मुलाखतीत आपल्या मानसोपचारतज्ज्ञाचे आभार मानले. फेरीआधीच्या कोणत्याही चर्चेत, दोन्हींपैकी कोणत्याही पक्षाने, लेकर्सच्या बलस्थानांत मानसोपचारतज्ज्ञ धरला नव्हता.

सरकारी खात्यांत न खर्चलेली तरतूद आर्थिक वर्ष संपताच परत जाते. चाहत्याची तशी जात नाही. जिंकलेला माणूस आपली कारणे पुढच्या वर्षासाठी जपून ठेवतो. हरलेला वापरलेली कारणेच पुन्हा भरून घेतो. १९५९ ते १९८४ या काळात लेकर्स सेल्टिक्सकडून सलग ८ अंतिम फेऱ्या हरले. एवढ्या काळात त्यांच्या चाहत्याचा साठा इतका समृद्ध झाला, की १९८५ च्या विजयानंतर त्याचे काय करायचे हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता. २०१० नंतर हे दोन संघ अंतिम फेरीत समोरासमोर आलेले नाहीत. लेकर्सने २०२० चे विजेतेपद मायामीला हरवून मिळवले, सेल्टिक्सने २०२४ चे डॅलसला. मधल्या काळात बलाबलविचारात खंड पडलेला नाही. त्याला दोन चाहते लागतात. सामना असला तर चर्चा चार तास लांबते, नसला तर कुणाला घरी जायची घाई नसते.